फळी की खण? रॅकमधली स्थिर रेल आणि सरकती रेल

रॅक म्हणजे यंत्रं एकावर एक बसवायचा उभ्या खांबांचा सांगाडा. त्यात बसवलेल्या नेटवर्क स्टोरेजच्या, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या डिस्क ठेवणाऱ्या यंत्राकडे समोरून पाहिलं तर ते कशावर टेकलंय हे दिसत नाही. दोन बाजूंना दोन कान (रॅकच्या खांबांवर टेकणाऱ्या पट्ट्या), कानांत स्क्रू आणि मध्ये डिस्कच्या ट्रेंची रांग, एवढंच दिसतं. आत ते स्थिर रेलवर असेल किंवा सरकत्या रेलवर. कानांचे स्क्रू काढून यंत्र पुढे ओढलं की फरक कळतो, पण तेव्हा उशीर झालेला असू शकतो. सरकत्या रेलवरचं यंत्र पूर्ण बाहेर येतं आणि खटका पडून थांबतं. स्थिर रेलवरच्या यंत्राला थांबवणारं काहीच नसतं. त्यात डिस्क पुढच्या बाजूला असतात, म्हणून यंत्राचा गुरुत्वमध्यही पुढे सरकलेला असतो. निम्मं बाहेर येण्याआधीच तोल जातो आणि २५-३० किलोचा धातूचा डबा ओढणाऱ्याच्या पायांवर येतो.

घोळ होण्याचं कारण साधं आहे. दोन्हींना रेलच म्हणतात, दोन्ही लांबट खोक्यात जोडीने येतात, दोन्ही रॅकच्या पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये लागतात आणि पुष्कळ यंत्रांसाठी दोन्ही प्रकार मिळतात. लक्षात ठेवायचं तर असं ठेवावं: स्थिर रेल म्हणजे फळी, सरकती रेल म्हणजे खण. फळीवर वस्तू ठेवतात, खण ओढतात. फळीवरची वस्तू खणासारखी ओढली की पडते, आणि ओढलेल्या खणावर फळीसारखा भार टाकला की अख्खं कपाट अंगावर येऊ शकतं.

स्थिर रेल ही काटकोनात वळवलेली जाड पत्र्याची पट्टी असते. तिची उभी बाजू खांबांना लागते, आडवा काठ आतल्या बाजूला येतो आणि यंत्राचा तळ त्या काठावर टेकतो. वजन पेलतो तो काठ. कानांचे स्क्रू फक्त यंत्र पुढे सरकू नये यासाठी असतात. हे न समजल्यामुळे निव्वळ कानांवर टांगलेली यंत्रंही पाहायला मिळतात. उथळ, हलका नेटवर्क स्विच तसा राहू शकतो. डिस्कने भरलेलं खोल यंत्र तसं राहत नाही: कान वाकतात, मागचा भाग झुकतो आणि खालच्या यंत्राच्या झाकणावर टेकतो.

सरकत्या रेलचे साधारण तीन भाग असतात. एक खांबांना लागतो, एक यंत्राच्या बाजूला आणि तिसरा त्या दोघांमध्ये छऱ्यांवर धावतो. यंत्र पूर्ण बाहेर आलं की दोन्ही बाजूंचे खटके पडतात. इथून पुढे खटके दाबण्याचे दोन अर्थ होतात: काही दाबले की यंत्र परत आत जाऊ लागतं, काही दाबले की ते रेलमधून सुटून तुमच्या हातात येतं. कोणता खटका कशाचा हे यंत्र ओढण्याआधी सूचनापुस्तिकेत पाहून ठेवावं. बाहेर आलेल्या यंत्राशेजारी उभं राहून अंदाजाने खटके दाबणं ही मला या सगळ्या कामातली सर्वांत भीतीदायक गोष्ट वाटते.

मग घ्यायची कोणती? बरेच जण सरकती रेल म्हणजे भारीतली आणि स्थिर म्हणजे साधी असा हिशेब करतात. त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: या यंत्रातला नादुरुस्त भाग कुठून बदलायचा आहे? डिस्क समोरून निघतात, वीजपुरवठ्याचे संच मागून निघतात, कंट्रोलर (डिस्कचा कारभार पाहणारा भाग) हाही मागूनच निघतो, असं यंत्र असेल तर वर्षानुवर्षं त्याचं झाकण उघडावं लागत नाही. त्याला स्थिर रेल पुरते, आणि मी तीच सुचवेन. तिच्यात हलणारा भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. पण मेमरी, आतले पंखे किंवा विस्तार कार्ड बदलायला वरचं झाकण काढावं लागत असेल, तर स्थिर रेलवर त्या प्रत्येक कामासाठी यंत्र बंद करून, सगळ्या केबल काढून, दोघांनी ते उचलून टेबलावर न्यावं लागतं. तिथे सरकती रेल घ्यावी. डिस्क वरून खाली घालायच्या दाट यंत्रांना तर पर्यायच नसतो. ४ यू (यू म्हणजे रॅकमधलं उंचीचं माप) उंचीत ६० डिस्क मावणारी यंत्रं खणासारखी बाहेर काढल्याशिवाय एकही डिस्क बदलता येत नाही.

या दाट यंत्रांपाशी थोडं थांबू या, कारण खणाचा खरा धोका इथेच कळतो. साडेतीन इंची मोठ्या क्षमतेची एक हार्ड डिस्क साधारण ७०० ग्रॅमची असते. १२ डिस्कचे ८ किलो होतात, ६० डिस्कचे ४२. सांगाडा, वीजपुरवठा, पंखे धरून असं भरलेलं यंत्र १०० किलोच्या आसपास जातं. आता १०० किलोचाच, १ मीटर खोल, बाकी रिकामा रॅक घ्या. त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या काठापासून ५० सेंटीमीटर मागे आहे आणि पुढचे पाय काठापासून १० सेंटीमीटर आत आहेत असं धरू. रॅक त्या पुढच्या पायांवरच कलंडणार. त्याला मागे धरून ठेवणारा जोर झाला १०० किलो गुणिले ०.४ मीटर, म्हणजे ४०. ९० सेंटीमीटर लांबीचं यंत्र पूर्ण बाहेर काढलं की त्याचा मध्य काठाच्या ४५ सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे पायांपासून ५५ सेंटीमीटर. पुढे खेचणारा जोर झाला १०० गुणिले ०.५५, म्हणजे ५५. चाळीसपुढे पंचावन्न. रॅक उलटतो.

या हिशेबात एक गोष्ट नीट पाहा: यंत्र कितव्या यू-वर आहे हे कुठेच आलं नाही. जड यंत्र तळाशी बसवावं हा नियम बरोबर आहे आणि तो पाळायलाच हवा, कारण रॅक ढकलताना, धक्का बसताना किंवा जमीन कलती असताना खाली असलेलं वजनच रॅकला सावरतं. पण सपाट जमिनीवर खण बाहेर ओढल्यावर उंचीने फरक पडत नाही. यंत्र किती जड, किती पुढे आणि मागे धरून ठेवायला रॅकमध्ये काय आहे, एवढंच मोजलं जातं. तळाशी बसवलंय म्हणून निर्धास्त होऊन रिकाम्या रॅकमधलं पहिलंच यंत्र पूर्ण बाहेर ओढणारा माणूस धोक्यात असतो. याच रॅकमध्ये आणखी ६० किलोची यंत्रं आत बसलेली असती, तर मागे धरणारा जोर ६४ झाला असता आणि रॅक उभा राहिला असता. तोही एकाच खणापुरता. दुसरा खण बाहेर काढला की पुन्हा तीच गत. म्हणून एका वेळी एकच यंत्र बाहेर, आणि या नियमाला अपवाद नाही.

पुढे काढायचे आधारपाय, ज्यांना स्टॅबिलायझर म्हणतात, ते याचसाठी असतात. ते टेकण्याची जागा पुढे नेतात, त्यामुळे वरचा ५५ चा आकडा लहान होतो आणि ४० चा मोठा. रॅक शेजारच्या रॅकला किंवा जमिनीला बोल्टने जोडला तरी चालतं. रॅक चाकांवर उभा असेल तर आधी समतल करायचे पाय खाली सोडून वजन त्यांच्यावर घ्यावं. चाकांचा ब्रेक लावला की काम झालं असं समजू नये. ब्रेक रॅकला घरंगळू देत नाही, उलटण्यापासून वाचवत नाही. सरकत्या रेलवरच्या यंत्रांवर बहुधा एक इशारा छापलेला असतो: बाहेर काढलेलं यंत्र फळी किंवा कामाचं टेबल म्हणून वापरू नका. त्यावर लॅपटॉप ठेवणं, कोपर टेकून केबल शोधणं, वरच्या यंत्रापर्यंत पोहोचायला त्याचा आधार घेणं, हे सगळं त्या ५५ च्या पारड्यात जातं.

स्थिर रेलच्या बाबतीत हा सगळा हिशेब जवळजवळ लागूच होत नाही, कारण यंत्र बाहेर राहतच नाही. तिथला धोका बसवताना आणि काढताना, त्या दोन-तीन मिनिटांत असतो. बऱ्याच उत्पादकांच्या सूचनांमध्ये १८ किलोच्या पुढे दोन माणसं सांगितलेली असतात. मी म्हणेन, स्थिर रेलवर वजन काहीही असो, दोन माणसं घ्यावीत: मागची कड आडव्या काठावर टेकून यंत्र आत सरकू लागेपर्यंत पुढचा सगळा भार हातांवरच असतो. त्याआधी यंत्र हलकं करावं. डिस्क आणि वीजपुरवठ्याचे संच काढले की वजन लक्षणीय उतरतं. डिस्क काढताना कोणती कुठल्या जागेची हे ट्रेवर चिकटपट्टी लावून लिहावं, कारण काही यंत्रं अदलाबदल झालेल्या डिस्क ओळखतात, सगळीच ओळखत नाहीत. उचलायला हात तळाखाली घालावेत. ट्रेच्या दांड्या, वीजपुरवठ्याची मूठ आणि समोरची शोभेची जाळी या उचलण्याच्या जागा नव्हेत. खूपच जड यंत्राला माणसं वाढवण्यापेक्षा उचलगाडी आणलेली बरी.

भोकांचं गणित दोन्हींना सारखंच. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर आणि त्यात तीन भोकं. भोकांमधली अंतरं समान नसतात: १५.८७५, १५.८७५ आणि मग १२.७ मिलिमीटर. दोन यूंची सीमा त्या १२.७ च्या लहान अंतराच्या बरोबर मधून जाते. डोळ्यांनी हे लहान अंतर ओळखता येतं, आणि ते ओळखलं की डावी रेल उजवीपेक्षा एक भोक वर लागण्याची चूक टळते. स्थिर रेलवर ती चूक झाली तर यंत्र नुसतं तिरकं दिसतं. सरकत्या रेलवर मात्र छरे अडकतात, यंत्र मध्येच घट्ट होतं आणि माणूस जोर लावतो. जोर लावायची वेळ आली तर थांबावं. पुढच्या आणि मागच्या खांबांमधलं अंतर रेल खरेदी करण्याआधी मोजावं, आणि दोनच खांबांचा रॅक असेल तर चार खांबांसाठीची रेल त्यात लागत नाही.

सरकत्या रेलमध्ये यंत्र घालताना आणखी एक बारकावा आहे. काही प्रकारांत यंत्र वरून खाली खाचांमध्ये सोडतात, काहींत समोरून आत खुपसतात. समोरून घालायच्या रेलमध्ये छऱ्यांची पट्टी पुढच्या तोंडापर्यंत ओढून घेतलेली असावी लागते. ती मागे राहिली आणि यंत्रावरची रेल तिच्यावर आदळली तर पट्टी वाकते, छरे सुटून खाली पडतात आणि नवी रेल पहिल्याच दिवशी निकामी होते. हात लावून पाहायला पाच सेकंद लागतात.

केबलचा विचार फळीला फारसा करावा लागत नाही. खणाला करावा लागतो: यंत्र चालू ठेवून बाहेर काढायचं असेल तर प्रत्येक केबलला पूर्ण लांबीची सैल हवी. मागे घडी घालणारा केबलचा हात त्यासाठीच असतो, फक्त तो गरम हवेच्या वाटेत येतो, म्हणून गरज नसेल तर लावू नये. फायबरला, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलला, तीव्र वळण देऊ नये. पहिल्यांदा यंत्र बाहेर काढाल तेव्हा एकाने मागे उभं राहून पाहावं, कुठली केबल ताणली जातेय का.

आणि चालू यंत्र ओढायचं का? सूचनापुस्तिका परवानगी देत असेल तरच, आणि सावकाश. आत मिनिटाला ७,२०० फेऱ्यांनी तबकड्या फिरत असतात. खटक्यावर धाडकन आदळलेलं यंत्र त्या धक्क्यासकट थांबतं. झाकण काढल्यावर हवेची वाट बदलते, म्हणून ते उघडं ठेवण्याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, ती पाळावी. बंद करून काम करायचं असेल तर बटण दाबून थांबू नये, दोन्ही वीजपुरवठ्यांच्या वायर काढाव्यात. एक लागलेली राहिली तरी आत वीज असते.

देखभालीत स्थिर रेलकडून मागणं थोडंच असतं: स्क्रू घट्ट आहेत, काठ वाकलेला नाही. सरकत्या रेलचे खटके दोन्ही बाजूंना आपोआप पडतात का, हे रॅक वापरात असताना वर्षातून एखाद्या वेळी तरी तपासावं. एकच बाजू धरत असेल तर यंत्र लोंबकळत थांबतं आणि ते समोरून लक्षात येत नाही. धूळ कोरड्या कापडाने पुसावी, उत्पादकाने सांगितल्याशिवाय तेल घालू नये. काम संपल्यावर यंत्र आत ढकलताना हात समोरच्या पट्टीवर सपाट ठेवावेत. बोटं बाजूला असली तर मधल्या आणि बाहेरच्या रेलच्या कात्रीत सापडतात. शेवटी कानांचे स्क्रू परत लावावेत. आतला खटका धरतोय म्हणून ते सोडून दिलेले मी अनेकदा पाहिलेत, आणि तोच रॅक पुढे कधीतरी जागेवरून हलवला जातो.