पिशवी काढून लघवी सुटणं थांबत नाही

शिंक आली, हंडा उचलला की थोडी लघवी होते. मग ‘पिशवी काढून टाक, थांबेल’ असा सल्ला बायका वर्षानुवर्षं एकमेकींना देतात. तो चुकीचा आहे. दोष गर्भपिशवीत नसतो. मूत्रमार्गाचा आधार सैल पडलेला असतो. आधी निदान तीन महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करा. ऑपरेशन लागलंच, तर ते आधार देणारं हवं: कृत्रिम जाळीची पट्टी, पोटाच्या स्नायूंवरच्या स्वतःच्याच पडद्याची झोळी, किंवा टाक्यांनी वर उचलून धरणारं ‘बर्च’. अमेरिकेतल्या ६५५ जणींच्या २००७ सालच्या अभ्यासात दोन वर्षांनी झोळी ६६ टक्के यशस्वी ठरली, बर्च ४९. पण झोळीनंतर लघवी अडकणं, जंतुसंसर्ग हे त्रास जास्त. जाळीमुळे होणाऱ्या दुखण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१८ मध्ये इंग्लंडने तिचा वापर थांबवला.