टमाले पाय: मका राहिला, चुना सुटला

आधी नावाचं मिटवू. ‘टमाले पाय’ ऐकून कुणाला बकऱ्याचा पाया आठवला तर त्याचा दोष नाही. हा पाय म्हणजे ॲपल पायमधला पाय, फक्त तिखट. आणि टमाले म्हणजे मेक्सिकोचा तामाल: मक्याच्या पिठात सारण घालून सालीत वाफवलेला पदार्थ. तळाला बीफचा मसालेदार खिमा, त्यात कांदा, टोमॅटो, मक्याचे दाणे, कुणी काळे ऑलिव्हही घालतं. वर कॉर्नब्रेडचं, म्हणजे मक्याच्या पावाचं, पीठ ओतायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. अमेरिकेतल्या घरांत याला ‘मेक्सिकन’ जेवण म्हणतात. मेक्सिकोत ‘तामाल दे कासुएला’ नावाचा भांड्यात लावलेला तामाल आहे खरा, पण त्यात कॉर्नब्रेड नसतो. टमाले पाय अमेरिकेचा, जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा.

मूळ तामाल मात्र फार जुना. (एक असेल तर ‘तामाल’, अनेक असले की ‘तामालेस’, ‘टमाले’ हे अमेरिकनांनी पाडलेलं रूप.) मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिन्ते नावाच्या रानगवतापासून मका माणसाळला. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांचं जगणं नोंदवून ठेवलं, त्यात तामालचे कितीतरी प्रकार आहेत. बीफ अर्थातच नाही, कारण तिथे गायी-बैल नव्हतेच. टर्की, मासे, घेवडा हेच सारण. गुरं आणि डुकरं स्पॅनिशांबरोबर आली, आणि पिठात डुकराची चरबी फेसून घालण्याची रीतही त्यानंतरची. पीठ पुरेसं फेसलं का हे बघायला आजही छोटी गोळी पाण्यात टाकतात. तरंगली की झालं.

पण तामालचा जीव सारणात नाही, पिठात आहे. वाळलेला मका चुना घातलेल्या पाण्यात उकळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. हा पानाला लावतो तोच चुना. सकाळी दाणे चोळले की टरफल बुळबुळीत होऊन बोटांखाली सुटतं, पिवळा रंग गडद होतो, आणि नुकती चुना मारलेली भिंत भिजावी तसा वास येतो. दाणे धुऊन ओलेच वाटले की झाला ‘मासा’ (पाण्यातला नव्हे, तामालच्या पिठाचं हे नाव). तो भिजवलेल्या कणसाच्या सालीवर थापायचा, मध्ये सारण, घडी घालून वाफवायचा. आपल्या पातोळ्यांची हळदीची पानं आठवा, हात तसाच चालतो.

हे पीठ मैद्यासारखं चिकट होत नसलं तरी भाकरीसारखं थापता येतं. साध्या मक्याच्या पिठाला ते जमत नाही. दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही: मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की शरीराला मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. मेक्सिकोत हे विज्ञान कुणाला माहीत नव्हतं, पण रीत सोडली नव्हती.

युरोपीयांनी मका उचलला, चुना मागे ठेवला. आपल्याकडे चुना लावला की फसगत होते; इथे न लावल्याने झाली. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा एक आजार नोंदवला, तोच पेलाग्रा. उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, हगवण लागते, पुढे बुद्धी भ्रमते आणि माणूस दगावतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने थैमान घातलं. गिरणी कामगार आणि खंडकरी मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराच्या चरबीवर दिवस काढत. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर सांगत राहिले की हा संसर्ग नाही, ताटातली उणीव आहे. पुष्कळांनी ते मानलं नाही. नायासिनची ओळख पटली ती १९३७ मध्ये, कॉनराड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून. दख्खनमध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांतही पेलाग्रा आढळला, आणि हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला.

अमेरिकेत पेलाग्राने थैमान घातलं त्याच काळात टमाले पाय तिथे घरोघरी पोचला. टेक्सस आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर गाडीवरचे तामाल लोकांच्या जिभेवर बसले होते. घरी साली भिजवून एकेक घडी घालण्याचा खटाटोप कोण करणार? साल काढून टाकली, पीठ भांड्यात थापलं. तिखटाचीही सोय झाली होती: विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८९० च्या दशकात टेक्ससमध्ये चिली पावडर विकायला सुरुवात केली. हे आपलं लाल तिखट नव्हे. यात जिरं, ओरेगॅनो आणि लसूणही असतो. नुसतं लाल तिखट त्याच मापाने घालाल तर जेवण डोळ्यांतून पाणी काढेल.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांच्या हाती अमेरिकेचं अन्न प्रशासन आलं. सैन्यासाठी आणि दोस्त देशांसाठी गहू वाचवा, मांस वाचवा असं आवाहन झालं. गव्हाविना सोमवार, मांसाविना मंगळवार. थोडा खिमा भरपूर मक्यावर निभावणारा हा पदार्थ त्या काळाला चपखल बसला. तेव्हाचं वरचं आवरण म्हणजे मक्याच्या पिठाची चक्क उकड. बेकिंग पावडरने फुगणारा कॉर्नब्रेड पुढे रुळला, आणि डब्यातली तयार मिश्रणं आल्यावर तर उकड ढवळत कुणी बसेना.

घरी करायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. दुकानातला पांढरा ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणजे मक्याचा स्टार्च, तो इथे चालत नाही. पिवळं, किंचित रवाळ मक्याचं पीठ हवं. आणि पीठ खदखदत्या खिम्यावरच ओता, नाहीतर ते खालून कच्चं राहतं. मग २०० अंशांवर अर्धा तास. महाराष्ट्रात गायींबरोबर २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने इथे खिमा म्हशीचा किंवा मटणाचा. परदेशात असाल तर मेक्सिकन दुकानात ‘मासा हरिना’ मिळतं, चुन्यातून निघालेल्या मक्याचं कोरडं पीठ. मी निम्मं मक्याचं पीठ काढून त्याजागी ते घालते. वरचा थर थोडा कमी फुगतो, पण ओव्हनचं दार उघडलं की ओल्या भिंतीचा तो वास येतो.