एका ठिपक्यात मावेल तेवढा मंगळ

मंगळाचा कुठलाही फोटो समोर आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: यातला एक ठिपका प्रत्यक्षात केवढा? म्हणजे एका पिक्सेलमध्ये तिथली किती जमीन मावली आहे? ते कळल्याशिवाय फोटोत जे दिसतंय त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवताच येत नाही.

जुलै १९६५मध्ये नासाचं मरिनर ४ हे यान मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून पुढे निघून गेलं. जाता जाता त्याने २१ पूर्ण फोटो आणि बाविसाव्याचा थोडासा भाग टेपवर साठवून घेतला. एका फोटोत २०० ओळी, एका ओळीत २०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते ६३ यांपैकी एका आकड्यात मांडलेला, म्हणजे ठिपक्यामागे सहा बिट (बिट म्हणजे संगणकाच्या भाषेतला ० किंवा १). एका फोटोचे झाले २,४०,००० बिट. आणि यान ते पृथ्वीकडे धाडत होतं सेकंदाला जेमतेम आठ बिट या वेगाने. भागाकार करून बघा, एका फोटोला सुमारे आठ तास लागतात!

टेप रेकॉर्डर नीट चालला की नाही, ही धाकधूक कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत सगळ्यांनाच होती. रिचर्ड ग्रम या अभियंत्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना संगणकाने फोटो तयार करेपर्यंत धीर धरवेना. आकडे कागदी पट्ट्यांवर छापून येत होते. त्यांनी त्या पट्ट्या एकमेकींना लागून फळ्यावर डकवल्या, दुकानातून रंगीत खडू आणले, कुठल्या आकड्यांना कुठला रंग ते ठरवलं आणि रंग भरायला बसले. ठिपक्यांच्या रांगोळीत रंग भरावेत तसे. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांतून हळूहळू मंगळाची कड उमटली, तिच्यापलीकडे काळोख. यानाने जवळून टिपलेला मंगळ माणसांनी पहिल्यांदा पाहिला तो असा, स्वतःच्या हातांनी रंगवून. ते चित्र आजही त्या संस्थेत जपून ठेवलेलं आहे.

त्या फोटोंमधला एक ठिपका किलोमीटरभराहून मोठा होता. विवरं दिसली, पूर्वी दुर्बिणीतून काहींना भासलेले कालवे दिसले नाहीत, आणि मंगळ म्हणजे चंद्रासारखाच मेलेला ग्रह असं अनेकांना वाटून गेलं. पण टिपला होता फक्त एक टक्का पृष्ठभाग! १९७१मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागलं तेव्हा आधी नुसती धूळच दिसत होती, सगळा ग्रह वादळाने झाकलेला. धुळीतून चार काळे डाग तेवढे वर आलेले. धूळ बसल्यावर कळलं, ती प्रचंड ज्वालामुखींची माथी होती. सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची दरीही तेव्हाच सापडली आणि यानावरून तिला व्हॅलेस मरिनेरिस हे नाव मिळालं.

२५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १च्या कक्षायानाने सायडोनिया भागातली एक टेकडी टिपली. सूर्य क्षितिजाजवळ, सावल्या लांब, आणि एक ठिपका पन्नास मीटरच्या आसपास. त्यातले काही ठिपके वाटेतच हरवले, तिथे काळे टिंब राहिले, आणि नेमकं त्यातलं एक नाकपुडीच्या जागी पडलं. झाला मंगळावरचा चेहरा! १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तीच जागा काही मीटर, मग जेमतेम दीड मीटरच्या ठिपक्यांनी टिपली. चेहरा गेला, झिजलेली टेकडी उरली. मला ती टेकडीच जास्त आवडते, कारण तिच्या उतारांवर लाखो वर्षांची झीज वाचता येते.

आज या कामात सगळ्यांत वरचढ कॅमेरा आहे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा हायराइज. अर्ध्या मीटर व्यासाचा आरसा, सुमारे ३०० किलोमीटर उंची, आणि एक ठिपका साधारण ३० सेंटीमीटर. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा. हा कॅमेरा आपल्या मोबाइलसारखा क्लिक करत नाही. झेरॉक्स मशीनमध्ये उजेडाची पट्टी कागदाखालून सरकते ना, तसं यान पुढे सरकतं आणि खालची जमीन ओळीओळीने टिपली जाते, एका ओळीत २०,००० ठिपके. अडचण अशी की यान सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त धावतं, त्यामुळे एका ओळीला वेळ मिळतो सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्यात पुरेसा उजेड येणार कुठून? म्हणून जमिनीचा तोच तुकडा लागोपाठच्या अनेक ओळींवरून, जास्तीत जास्त १२८ ओळींवरून, सरकत जातो आणि प्रत्येकीवरचा उजेड आधीच्यात जमा होतो. फेब्रुवारी २००८मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या कड्यावरून कोसळणारी दरड, तिचा धुरळा उडत असतानाच, याच कॅमेऱ्याने पकडली.

रंगांबद्दल मात्र सावध राहा. या कॅमेऱ्याच्या रंगीत फोटोंत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड लाल दाखवलेला असतो, म्हणून काळपट बेसाल्टी वाळू निळीशार दिसते. तिथे उभं राहिलं तर ती तशी दिसणार नाही. रंगाने तज्ज्ञांनाही चकवलं आहे. १९७६मध्ये व्हायकिंगच्या पहिल्या रंगीत फोटोत आकाश आधी निळसर दाखवलं गेलं, आणि यानावरच्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर ते गुलाबीसर, धुळीच्या रंगाचं निघालं.

आपल्या मंगळयानाचा कॅमेरा वजनाने सव्वा किलोच्या आसपास, आणि ठिपका हायराइजपेक्षा कितीतरी मोठा. पण त्याची कक्षा लांबट, तिचं दूरचं टोक सत्तर हजार किलोमीटरहूनही पुढे. तिथून सप्टेंबर २०१४मध्ये त्याने मंगळाचा अख्खा गोल एका चौकटीत टिपला. जवळून फिरणाऱ्या यानांना ते साधत नाही.

आणि बारीक ठिपक्याचं मोल सांगणारी एक गोष्ट. ब्रिटनचं बीगल २ हे यान २५ डिसेंबर २००३ रोजी मंगळावर उतरायचं होतं. त्या दिवसानंतर त्याच्याकडून एक शब्द आला नाही. आपटून फुटलं असंच अनेकांनी धरलं. जानेवारी २०१५मध्ये जाहीर झालं की हायराइजच्या फोटोंत ते सापडलंय. दोन मीटरहून लहान यान, म्हणजे जेमतेम सहा-सात ठिपक्यांची चमक. तेवढ्यावरून कळलं की ते सुखरूप उतरलं होतं, पण सौरपट्ट्यांच्या सगळ्या पाकळ्या उघडल्या नव्हत्या, आणि अँटेना नेमका त्यांच्याखाली अडकला होता. या मोहिमेचे प्रमुख कॉलिन पिलिंजर आठ महिने आधी, मे २०१४मध्ये वारले होते.