उडालेल्या प्रोग्रामचा पंचनामा

नवी मुंबईत महापेतल्या आमच्या ऑफिसात एक प्रोग्राम रात्रंदिवस चालतो. टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांमधल्या यंत्रांची तापमानं, दाब, विजेचा वापर अशा नोंदी तो गोळा करतो. गेल्या पावसाळ्यात तो आठवड्यातून दोन-तीनदा, तेही मध्यरात्रीनंतर, उडायला, म्हणजे अचानक बंद पडायला लागला. रात्रपाळीचा ऑपरेटर तो लगेच पुन्हा चालू करायचा, आणि ते बरोबरच होतं, कारण नोंदी थांबून चालत नाहीत. सकाळी मी ठाणे-वाशी लोकलने घणसोलीला उतरून ऑफिसात पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं. हाती उरायचं ते एवढंच : "सर, रात्री परत उडाला होता."

अपघाताची गाडी उचलून रस्ता धुऊन टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार? म्हणून ठरवलं की प्रोग्राम पडल्या क्षणी, कोणी हात लावायच्या आत, पंचनामा व्हायला हवा. आणि रात्री अडीच वाजता तो माणसाच्या भरवशावर ठेवायचा नाही. शेल स्क्रिप्ट हे त्यासाठी उत्तम साधन आहे. नेहमी हाताने द्यायच्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या, यंत्र त्या दर वेळी त्याच क्रमाने पाळतं. कंटाळा येऊन पायरी गाळणं त्याच्याकडून होत नाही.

प्रोग्राम उडतो तेव्हा घडतं काय? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा स्वतःचा इलाखा मिळतो, बहुतेक संगणकांवर 4096 बाइटांच्या पानांत विभागलेला. आपल्या नावावर नसलेल्या पत्त्यावर त्याने हात टाकला की प्रोसेसर तिथेच अडवतो आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या प्रोग्रामला 11 क्रमांकाचा सिग्नल देतो. शेलला, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला, हे 139 या आकड्यातून कळतं, 128 अधिक 11. आकडा 134 असेल तर सिग्नल 6, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे ओळखून प्रोग्रामने स्वतःच काम थांबवलं. 137 म्हणजे सिग्नल 9, बाहेरून कोणीतरी मारलं. मेमरी संपत आली की कित्येकदा कर्नेलच असा बळी घेतो, आणि तेव्हा पुरावा कर्नेलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, शोधावा लागतो. एका आकड्यावरून तपासाची दिशा ठरते, म्हणून स्क्रिप्ट सगळ्यात आधी तो टिपते.

खरा ऐवज मात्र कोअर डम्प. सिग्नल 11 किंवा 6 ने प्रोग्राम संपवताना कर्नेल त्याच्या मेमरीचं त्या क्षणाचं चित्र जतन करू शकतो. नाव जुन्या काळातलं आहे. 1950 ते 1970 च्या दशकांत संगणकाची मेमरी तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्यांची असे, त्या कड्यांना कोअर म्हणत, आणि एका कड्यात एक बिट मावत असे. कडी गेली, शब्द राहिला. अडचण अशी की पुष्कळ यंत्रांवर या फाइलीची कमाल मर्यादा मुळात शून्य ठेवलेली असते, त्यामुळे काहीच लिहिलं जात नाही. आमच्याकडेही तसंच होतं.

लिनक्समध्ये एक छोटी सेटिंग आहे, डम्प कुठे जावा ते सांगणारी. तिथे सुरुवातीला उभी रेघ, म्हणजे पाइपचं चिन्ह टाकलं, तर कर्नेल फाइल न लिहिता तुमचा प्रोग्राम चालू करतो आणि डम्प त्याच्या हवाली करतो. सोबत प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक, सिग्नल आणि वेळही देतो. तो डम्प पूर्ण वाचून होईपर्यंत पडलेली प्रोसेस मोकळी होत नाही, म्हणून मी कामाची वाटणी केली. पहिली स्क्रिप्ट डम्प दाबून छोटा करते आणि ठेवून देते, बस्स. दुसरी नंतर सावकाश तपास करते.

तपासाला जीडीबी हा डीबगर, म्हणजे दोष शोधायचं साधन. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1986 मध्ये लिहिला. एरवी समोर बसून त्याला एकेक प्रश्न विचारायचा असतो, पण प्रश्न आधीच लिहून दिले तर तो सगळी उत्तरं देऊन निघून जातो. मुख्य प्रश्न बॅकट्रेसचा. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एकेक काम करणारा भाग, दुसऱ्याला कामाला लावतं तेव्हा काम झाल्यावर कुठे परतायचं तो पत्ता स्टॅकवर, मेमरीतल्या एका चळतीवर, ठेवतं. हे पत्ते उलटे वाचत गेलं की कोणी कोणाला बोलावलं ती साखळी मिळते. पत्त्यांना फंक्शनांची नावं द्यायला प्रोग्रामच्या नेमक्या त्याच बांधणीची (बिल्डची) चिन्हांची फाइल लागते. दुसऱ्या बांधणीची वापरली तर नावं येतात, पण भलतीच, आणि माणूस दोन-दोन दिवस चुकीच्या दारात उभा राहतो. म्हणून आमची स्क्रिप्ट आधी डम्प आणि चिन्हांची फाइल या दोन्हींचा बिल्ड आयडी, म्हणजे बांधणीची ओळखखूण, पडताळते आणि जुळला नाही तर तिथेच थांबते. सगळ्या स्क्रिप्टमध्ये मला हीच ओळ सर्वांत मोलाची वाटते.

मग ठसा घ्यायचा. पत्ते दर वेळी बदलतात, कारण घुसखोरांना अंदाज येऊ नये म्हणून लिनक्स ते मुद्दाम विस्कटतो. त्यामुळे पत्ते टाकून फक्त वरच्या पाच फंक्शनांची नावं घ्यायची आणि त्यांचा हॅश, म्हणजे त्या नावांवरून निघणारा एक छोटा आकडा, काढायचा. सारखे हॅश एकत्र करून मोजले की आजार किती आणि कुठला जास्त होतो ते दिसतं. तीन आठवड्यांत आमचा प्रोग्राम 9 वेळा पडला होता. ठसे निघाले दोन.

एक सोपा होता. सिग्नल 11, पत्ता 24. रिकाम्या पॉइंटरच्या, म्हणजे कुठलीच जागा न दाखवणाऱ्या पत्त्याच्या, पुढे 24 बाइटांवर वाचायचा प्रयत्न झाला होता. अशी चूक लगेच पकडली जावी म्हणूनच शून्याजवळची पानं कोणाला दिलेली नसतात. अर्ध्या दिवसात दुरुस्त झालं.

दुसऱ्याने मात्र घाम काढला. सिग्नल 6, आणि साखळीच्या टोकाला मेमरी परत करणारं लायब्ररीचं, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचातलं, फंक्शन. दोष त्याचा नव्हता. सिडकोच्या जुन्या इमारतींत राहिलेल्यांना हे कळेल. ओल येते चौथ्या मजल्याच्या हॉलमध्ये, भेग असते गच्चीत, पाणी स्लॅबमधून वाट काढत भलतीकडेच उतरतं. मेमरीतही कोणीतरी आपल्या हद्दीबाहेर एक बाइट लिहितं, शेजारचा हिशेब बिघडतो आणि बराच वेळ काहीच होत नाही. तो शेजारचा तुकडा परत करायची वेळ येते तेव्हा लायब्ररी हिशेब तपासते आणि थांबते. तोवर लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो.

स्क्रिप्टने भेग दाखवली नाही, पण प्रत्येक पंचनाम्यासोबत लॉगच्या शेवटच्या 200 ओळी जोडल्या होत्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं की दर वेळी आधी एकाच प्रकारचं यंत्र वीज जाऊन पुन्हा जोडलं गेलं होतं. पावसाचा संबंध इथे होता. मग प्रयोगाच्या यंत्रावर प्रोग्राम ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरीचा पहारेकरी लावून बांधला. तो मेमरीच्या प्रत्येक तुकड्याभोवती निषिद्ध पट्टा आखतो आणि लिहिणाऱ्याचा हात जागीच धरतो. नावासाठी 40 बाइट राखले होते. जोडणी होताना ते यंत्र पूर्ण 40 अक्षरांचं नाव पाठवायचं आणि शेवट दाखवणारा शून्य 41 व्या जागी पडायचा.

एका गोष्टीची काळजी आम्ही पहिल्या दिवसापासून घेतली. डम्पमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं येतं, पासवर्ड आणि ग्राहकांच्या नोंदीसुद्धा. म्हणून डम्प सर्व्हरबाहेर जात नाही, एकाच खात्याला वाचता येतो आणि 14 दिवसांनी पुसला जातो. ईमेलने जातो तो फक्त मजकुराचा अहवाल.

त्या अहवालाची पहिली ओळ ऑपरेटरच्या सांगण्यावरून मराठीत केली. ठसा ओळखीचा असेल तर "जुना दोष, चालू करा", नसेल तर "नवा दोष, चालू करून फोन करा". मागच्या बुधवारी रात्री सव्वातीनला फोन वाजला. "सर, झोपमोड केली. प्रोग्राम चालू केलाय. पण या वेळी 'नवा' लिहिलंय."