परसातलं तळं, कासव आणि कोल्हापूरचा पाऊस

परसात कासवासाठी तळं खणायचं ठरलं की घरातल्या मोठ्यांचं बोट हमखास आंब्याखालच्या जागेकडे जातं. तिथं सावली असते, पाणी गार राहतं, उन्हाळ्यात खुर्ची टाकून बसता येतं. माणसाला ती जागा झकास. कासवाला मात्र सकाळी आठ-नऊ वाजता ऊन पडेल आणि दुपारी तळ्याच्या निदान एका कोपऱ्यावर सावली येईल, अशी जागा लागते. बहुतेक घरांत ती पूर्वेच्या अंगाला सापडते आणि नेमकी तिथंच कपडे वाळत घालायची दोरी असते. ती हलवावी लागेल.

पण आधी कासव कोणतं, ते मिटवू. आपल्याकडच्या विहिरींत, ओढ्यांत सापडणारं मऊ पाठीचं फ्लॅपशेल कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासवही २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच यादीत गेलं. या यादीतला प्राणी पकडला किंवा जवळ बाळगला तर किमान तीन वर्षं कैद होऊ शकते. पंचगंगा नृसिंहवाडीला ज्या कृष्णेला मिळते, त्या कृष्णेच्या खोऱ्यात लीथचं मऊ पाठीचं कासव राहतं. जगातून नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांत आता त्याची गणना होते. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. रस्त्यावर किंवा शेतात कासव सापडलं, तर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला कळवायचं आणि आपल्या तळ्याचा विचार तिथंच सोडायचा.

मग दुकानात काचेच्या पेटीत दिसतं ते कोणतं? ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. विकत घेताना ते दहा रुपयांच्या नाण्याएवढं असतं. दुकानदार सांगतो, ‘एवढंच राहतंय बघा.’ ते एवढंच राहत नाही. मादीची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर हे कासव तीस वर्षं सहज जगतं. पहिलीतल्या पोरासाठी घेतलेलं कासव त्या पोराच्या लग्नाच्या वरातीलाही असतं. हा हिशोब घरात बसून आधी करावा. तो जमला, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

कासवाला स्वतःचं अंग आतून गरम ठेवता येत नाही. पचन, प्रतिकारशक्ती, हालचाल, सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. म्हणून ते सकाळी दगडावर येऊन मान आणि चारही पाय ताणून पडतं. या पडण्यात आणखी एक काम होत असतं. उन्हातले अतिनील-बी किरण कातडीवर पडले की तिथं ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल, तर आहारातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषलंच जात नाही. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून काढायला लागतं. आणि कासवाची पाठ ही हाडच आहे. बरगड्या आणि मणके रुंद होऊन एकमेकांना सांधले गेलेत आणि त्यावर आपल्या नखांसारख्या केराटिनचे पातळ खवले बसलेत. ऊन न मिळालेल्या पिल्लाची पाठ अंगठ्यानं दाबली तर दबते, ती यामुळं. ‘खिडकीत ठेवलंय की, ऊन येतंय तिथं’ या बोलण्याला अर्थ नाही, कारण साधी काच अतिनील-बी किरण जवळपास पूर्ण अडवते. गच्चीवर घालतात तो पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्राही तेच करतो. उजेड येतो, पण कामाचे किरण बाहेरच राहतात.

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा अंशांच्या जरा पुढं आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. अतिनील किरणांची इथं वर्षातले आठ महिने कसलीही टंचाई नाही. परदेशातली माहिती वाचून तळं करणारे थंडीची काळजी करत बसतात, कारण तिकडच्या तळ्यांवर बर्फ जमतो. तिकडच्या कासवांनी त्यावर काढलेला तोडगा अफाट आहे. स्लायडरचंच नातलग असलेलं पेंटेड कासव गोठलेल्या तळ्याच्या बुडाशी, तीन अंशांच्या पाण्यात, ऑक्सिजनशिवाय तीन महिन्यांहून अधिक काळ काढू शकतं. ऑक्सिजन नसताना शरीरात लॅक्टिक आम्ल साठत जातं. एरवी त्यानंच जीव गेला असता. पण हे कासव पाठीच्या हाडातले कार्बोनेट रक्तात सोडून आम्ल शमवतं आणि उरलेलं आम्ल त्याच हाडात कोंडून ठेवतं. ज्याला आपण नुसती ढाल समजतो, ते असं रसायनांचं कोठारही आहे.

आपल्याकडे याची वेळ येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा तिशीच्या आसपास जातो. एवढ्या गारव्यात कासव फक्त मंद होतं. त्या दिवसांत सकाळी लवकर खायला घालू नये. पोट गार असताना अन्न पचत नाही, आतच कुजतं. दुपारी बारा-एकला, ऊन खाऊन झाल्यावर थोडं द्यावं.

कोल्हापुरात कासवाचा खरा कठीण काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि कासवही वाळत नाही. ढगांतून थोडे अतिनील किरण येतात आणि शरीरात साठलेलं ड-३ काही आठवडे पुरतं, त्यामुळे धडधाकट मोठं कासव निभावून नेतं. पिल्लाला मात्र अतिनील-बी देणारी नळी लावावी लागते. तीही वर्षभरात बदलावी, कारण उजेड तसाच दिसत असला तरी किरण कमी होत जातात. त्याहून मोठा प्रश्न कोरडेपणाचा. पाठ आणि पोटाची बाजू कायम ओली राहिली की खवल्यांच्या फटींत बुरशी आणि जिवाणू घर करतात, पांढुरके वास मारणारे खड्डे पडतात. म्हणून ऊन खायच्या जागेच्या निम्म्या भागावर पावसाळ्यापुरता पत्रा टाकावा आणि दिवाळीच्या आधी आठवणीनं काढावा. एरवी खवल्यांचे पातळ पारदर्शक पापुद्रे निघतात, ते मात्र आजाराचं लक्षण नव्हे. स्लायडर वाढताना जुने खवले टाकतंच. ते नखानं ओढून काढू नयेत.

ऊन खायची जागा कशाची करावी? काळा दगड इथं मुबलक आणि जानेवारीत उत्तम, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर हात ठेवून बघा. एक दगड आणि एक लाकडाचा ओंडका, दोन्ही ठेवले की कासव आपलं आपण निवडतं. पाण्यातून वर यायला उतार लागतो. त्यासाठी शहाबादी फरशीची खडबडीत बाजू वर ठेवावी. खोली अडीच-तीन फूट असावी, ती उन्हाळ्यासाठी: वरचं पाणी तापलं तरी खालचं गार राहतं.

आता पाणी. कासव हवेत श्वास घेतं, त्यामुळे घाण पाण्यात ते माशासारखं पटकन मरत नाही. फसगत इथंच होते, कारण पाणी बिघडलंय हे कळायला महिने जातात, तोवर डोळे सुजलेले असतात. कासवाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट वनस्पती खातात. फिल्टरमधले दगड, स्पंज ही या जिवाणूंची राहण्याची जागा. ती नळाच्या पाण्याखाली चकाचक धुतली की क्लोरीननं वस्ती साफ होते आणि साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. स्पंज तळ्यातल्याच बादलीभर पाण्यात हलका पिळावा, बास. भरायचं पाणीही एक दिवस उघड्यावर ठेवून मग घालावं.

सिमेंटच्या नव्या हौदात याला एक वेगळी भानगड जोडली जाते. सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्यातला घातक वायुरूप भाग किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर तो भाग एक टक्काही नसतो. ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला थेट छत्तीसच्या घरात. नवं सिमेंट चुना सोडतं आणि सामू चढवतं. म्हणून गवंडी ‘झालं की साहेब’ म्हणून गेला, तरी हौद दोन-तीन आठवडे पाण्यानं भरून, रिकामा करून, पुन्हा भरून घ्यावा. हिरवं शेवाळ माजलेल्या तळ्यात दुपारी असाच सामू चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. थोडी सावली आणि थोडी जलवनस्पती यावर पुरेशी.

त्या वनस्पती कासव खाणारच, तेव्हा महागडं कमळ आणून हळहळत बसू नका. जलपर्णी त्याला आवडते, पण तळ्यातली जास्तीची जलपर्णी उन्हात वाळवून खतात घाला, ओढ्यात टाकू नका. रंकाळ्याची आणि पंचगंगेची तिनं काय अवस्था करून ठेवली, ते आपण पाहत आलोय. तळ्याशेजारी पूजेच्या फुलांची कण्हेर असेल, तर ती लांब लावावी. तिची पानं, फुलं सगळीच विषारी आहेत. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत. कासव त्यातले काही गट्टम करेल, पण गप्पींची पैदास त्याच्या भुकेपेक्षा जोरात असते.

खाण्याबाबत एवढंच: भात, चपाती, ब्रेड नाही. नुसती सुकट घालून वाढवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या सुजून डोळे मिटतात. पिल्लं बहुतेक मांसाहारी असतात, मोठी होतील तशी पाल्याकडे वळतात. शेवग्याचा पाला उत्तम. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. त्याचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवला की कासव तो कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं. अन्न पाण्यातच टाकावं, कारण स्लायडरला पाण्याबाहेर नीट गिळता येत नाही. आणि कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचेच. दिसायला ठणठणीत कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं पिल्लं हाताळतात, तोंडात घालतात आणि आजारी पडतात म्हणून अमेरिकेनं चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ मध्ये बंदी घातली.

मादी असेल, तर तळ्याशेजारी हातभर खोल भुसभुशीत माती हवी. नर नसला तरी ती अंडी घालते. जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि त्यात ती मरू शकते. ‘एकटीच आहे, पिल्लं कुठून होणार’ यावरही भरवसा ठेवू नये, कारण आधी कधी नराशी गाठ पडली असेल, तर ती वीर्य बराच काळ साठवून ठेवते. अंड्यातून नर होणार की मादी, हे माती किती तापली यावर ठरतं. २९ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याखाली नर वाढतात, ३१ च्या वर माद्याच. आपल्या उन्हाळ्यात कोणाची संख्या वाढेल, ते सांगायला नको. ही अंडी उबू देऊ नयेत. त्याच दिवशी उकरून फ्रीजरमध्ये ठेवावीत. ऐकायला निर्दय वाटतं. पण पंधरा पिल्लं घेणारं कोणी नसतं आणि शेवटी ती तलावात सोडली जातात.

तलावात सोडलेलं स्लायडर गुमान जगत नाही. ऊन खायच्या चांगल्या जागा ते बळकावतं. फ्रान्समध्ये स्थानिक युरोपीय कासवांबरोबर त्यांना एकत्र ठेवून पाहिलं, तेव्हा स्थानिक कासवांना दुय्यम जागांवर सरकावं लागलं. केरळमध्ये ही कासवं जलाशयांत दिसू लागल्यावर वन संशोधन संस्थेनं लोकांना ती जमा करण्याचं आवाहन केलं होतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींत या कासवाचं नाव आहे.

कोल्हापुरात ते सोडायलाही कोणी लागत नाही, पाऊस पुरतो. कासव भिंत चढतं, कोपऱ्यात तर आणखी सहज, म्हणून तळ्याभोवतीच्या दीड फुटी कठड्याला आतल्या बाजूनं चार-पाच इंचांची फरशीची ओठी काढावी. जास्तीचं पाणी जायला नळी हवी आणि तिच्या तोंडाला जाळी, पानांनी तुंबणार नाही अशी. पिल्लं असतील तर वरूनही जाळी टाकावी, कारण कावळा, घार, मांजर आणि मुंगूस सगळ्यांनाच ती आवडतात. पण पूररेषेच्या आत घर असेल, तर यातलं काहीही पुरं पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५० फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ आहे. शाहूपुरीच्या खालच्या भागात परसातला कठडा किती उंच होता, हे तेव्हा नदीनं विचारलं नाही.

त्या भागात तळं असलंच, तर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचल्याची बातमी आली की कासव वर न्यावं. झाकणाला भोकं पाडलेला मोठा टब, तळाला दोन-तीन इंच पाणी, पाणी संपेल तिथं पालथी वीट. दोन दिवस खायला नाही मिळालं तरी मोठ्या कासवाचं काही अडत नाही, आणि न खाल्लेलं कासव पाणीही कमी घाण करतं, जे पूर आलेल्या घरात फार मोलाचं. पाणी रोज बदलावं. पूर ओसरल्यावर तळ्यातला गाळ पूर्ण काढून, हौद घासून, फिल्टरचे जिवाणू पुन्हा जमेपर्यंत तीन-चार आठवडे थोडंच खायला घालावं आणि आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलत राहावं.