इंग्लंडमधलं घर: दोन टक्के कुणाला, पाच टक्के कुणाला

मागच्या महिन्यात रात्री दीडला धाकट्या भावाचा फोन, तिकडे लेस्टरला रात्रीचे नऊ. म्हणे घर पसंत पडलंय, तीन बेडरूम, मागे छोटी बाग, तीन लाख पाउंड, पण इथला एक एजंट म्हणतोय तुम्ही फॉरेनर, तुम्हाला पाच टक्के जादा टॅक्स बसणार. स्पीकरवर होता, अण्णा, म्हणजे आमचे वडील, उठून बसले आणि त्यांनी लगेच हिशोब केला, पाच टक्के म्हणजे पंधरा हजार पाउंड, पाउंड शंभराच्या वर, म्हणजे पंधरा लाखांच्या पुढे गेले की रे.

एजंटने दोन गोष्टींची खिचडी केली होती. जादा टॅक्स तिथे दोन आहेत, एक दोन टक्क्यांचा आणि एक पाच टक्क्यांचा, आणि पाचवाल्याचा फॉरेनर असण्याशी काही संबंधच नाही. आपल्या लोकांत हा गोंधळ सर्रास दिसतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी साधी स्टॅम्प ड्यूटी. आपल्याकडे सगळ्या रकमेवर सरसकट टक्के लागतात, तिकडे इन्कम टॅक्ससारखे स्लॅब. एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पाउंडांवर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, पुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, त्याच्यावर अजून वाढत जातं. म्हणजे तीन लाखांच्या घराला ५,००० पाउंड. हे इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचं, स्कॉटलंड आणि वेल्सचे टॅक्स वेगळे. जादाचे टक्के मात्र पूर्ण किमतीवर लागतात, शून्यवाला स्लॅबसुद्धा सुटत नाही.

आता दोन टक्के. हा एप्रिल २०२१ ला आला, आणि हा फक्त एवढंच विचारतो की घर ताब्यात घ्यायच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही यूकेत किती दिवस होतात. १८३ भरले तर माफ. दिवस मोजतात मध्यरात्रीला, म्हणजे रात्री बारा वाजता यूकेत असलात तर तो दिवस धरला. पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला, पीआर (कायम राहायचा परवाना) झाला की नाही, कोणी विचारत नाही. ब्रिटिश पासपोर्टवाला दुबईत राहत असेल तर तो दोन टक्के भरतो आणि आमचा धाकटा भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसावर, वर्षात पाच आठवडे नाशिकला येऊन गेला तरी भरत नाही. त्याची बायको आणि छोटी तीनच महिन्यांपूर्वी तिकडे गेल्यात, तिचे १८३ भरलेले नाहीत, पण एकत्र राहणारे नवरा-बायको मिळून घेत असतील तर दोघांतला एक भरला की पुरे.

पाच टक्के ही वेगळीच जात. एप्रिल २०१६ ला तीन टक्क्यांवर सुरू झाला, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून पाच केला. हा विचारतो की ह्या घराशिवाय तुमच्या नावावर अजून कुठलं घर आहे का, आणि कुठलं म्हणजे जगात कुठलंही. आमचा नाशिकचा, पाथर्डी फाट्याचा टू बीएचके पण धरतात!

इथे आमच्या घरात शांतता पसरली. कारण २०१६ ला अण्णांच्या एकट्याच्या पगारावर लोन बसत नव्हतं म्हणून त्या फ्लॅटवर धाकट्याचं नाव घातलेलं. कपाटातून फाइल काढली, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघितला, लिहून घेणार म्हणजे खरेदीदार म्हणून दोन नावं, अण्णा आणि तो, निम्मं निम्मं. (सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव असणं वेगळं, तो मालक होत नाही. इथे सरळ मालक होता.)

मग कळलं की पाच टक्क्यांना पण एक रेघ आहे, तुमचा हिस्सा ४०,००० पाउंड किंवा त्याच्या वर असेल तरच. फ्लॅट साठ लाखांचा धरला तर त्याचा हिस्सा तीस लाख, पाउंडात खूपच खाली, सुटला. पण पूर्ण नाही सुटला. पहिलं घर घेणाऱ्याला तिकडे तीन लाख पाउंडांपर्यंत ड्यूटी शून्य असते (घर पाच लाख पाउंडांच्या वर गेलं तर ती सवलत नाही), आणि त्याला अट अशी की आयुष्यात जगात कुठेही घर नावावर झालेलं नको, वारसाने सुद्धा नको, आणि तिथे ४०,००० ची रेघ नाही. म्हणजे शून्याऐवजी ५,००० पाउंड भरायचे, ते पण लोनसाठी घातलेल्या एका नावापायी.

धाकट्याच्या बायकोच्या माहेरचा आडगावचा प्लॉट आहे तिच्या नावावर, त्याची चिंता नाही, मोकळी जमीन म्हणजे घर नव्हे. गाळा, द्राक्षबाग हे पण चालतं. मळ्यात बांधलेलं घर असेल तर मात्र बघावं लागतं. वडिलांमागे सातबाऱ्यावर सगळ्या भावंडांची नावं लागलेली असतात, तर वारसाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा पहिली तीन वर्षं पाच टक्क्यांसाठी धरत नाहीत, नंतर धरतात.

आणि ते 'बायकोच्या एकटीच्या नावावर घेऊ' चालत नाही. पाच टक्क्यांसाठी नवरा-बायको एकच धरतात, एकाचं घर ते दोघांचं. दोन टक्क्यांत लग्न वाचवतं, पाच टक्क्यांत तेच अडकवतं, गंमत आहे.

सगळ्यात महाग पडलं असतं ते अण्णांचं म्हणणं. म्हणे मी पैसे देतोय तर माझं नाव पहिलं टाका, आपल्याकडे तशीच पद्धत. अण्णा नाशिकला, म्हणून दोन टक्के, आणि राहतं घर इंदिरानगरला त्यांच्या एकट्याच्या नावावर, सत्तर-ऐंशी लाखांचं, म्हणून पाच टक्के. एक जण जरी जादा टॅक्सात अडकला तरी पूर्ण खरेदीवर लागतं. ५,००० अधिक २१,०००, झाले २६,००० पाउंड. नाव न टाकता गिफ्ट म्हणून दिले तर हे काही नाही, लोन देणारी बँक गिफ्टचं पत्र मागते, परतफेड नको आणि घरात हिस्सा नको असं लिहून. अण्णा दोन दिवस गप्प होते.

भरल्यावर परत मिळतं का, तर दोन्हींत मिळू शकतं पण वेगवेगळ्या कारणाने. दोनवाल्यात खरेदीच्या आधीचं एक आणि नंतरचं एक अशा दोन वर्षांतले कुठलेही सलग ३६५ दिवस घ्या, त्यात १८३ भरले की मागता येतं, मुदत खरेदीपासून दोन वर्षं. दुबईहून थेट लेस्टरला येणाऱ्याला हे कामाचं. पाचवाल्यात आधीचं राहतं घर तीन वर्षांत विकलं तर मिळतं, पण राहतं म्हणजे खरंच राहत होतात असं, कायम भाड्याने दिलेला फ्लॅट विकून नाही.

टॅक्स ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत भरायचा असतो, ते सॉलिसिटर (तिकडचा वकील) करतो. त्याने आता आमच्याकडे फ्लॅटचं व्हॅल्युएशन आणि इंडेक्स टू इंग्रजीत मागितलाय, आणि इंडेक्स टू तर मराठीत. उद्या सकाळी अण्णांना घेऊन सीबीएसला, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बसस्टँडजवळ, कोर्टाकडे जातोय, भाषांतर आणि नोटरी एकाच फेरीत झालं तर बरं.