कॉइल लावून पळवलेल्या डासाची पिल्लावळ कमी होते का?

कॉइल, मॅट, लिक्विड या सगळ्यांवर एकच जुना आक्षेप, की डास मरत नाही, नुसता शेजारच्याकडे जातो. म्हणूनच ही वस्तू वर्षानुवर्षं किराणा दुकानात राहिली, सरकारी मलेरिया कार्यक्रमात तिला कोणी फारसं धरलंच नाही.

सुरुवात जपानची. १८८०च्या दशकात एइचिरो उएयामा यांना अमेरिकेतून पायरेथ्रमचं बी मिळालं, म्हणजे शेवंतीच्याच कुळातलं फूल, १८९० मध्ये त्यांनी त्याच्या भुकटीची उदबत्ती केली पण ती तासाभरातच संपायची, रात्रभर झोपणाऱ्याला काय उपयोग, मग बायको युकी यांनी वेटोळं करायची आयडिया दिली आणि १९०२ पासून कॉइल विकायला आली. १९४९ मध्ये अमेरिकेत ॲलेथ्रिन, म्हणजे पायरेथ्रमच्या धर्तीवरचं कृत्रिम रसायन, तयार झालं आणि फुलावरचं अवलंबित्व सुटलं. आपल्याकडची ती निळी मॅट याच जातकुळीतली, रात्री मशीनच्या तापल्या पट्टीवर सरकवायची आणि सकाळी पांढरी पडलेली दिसली की फेकायची.

तिकडे सरकारी मोहिमांचं सगळं गणित डीडीटी या डास मारणाऱ्या फवाऱ्याभोवती फिरत होतं. १९५०च्या दशकात मलेरियाचे ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की मलेरियाचा परजीवी मादीच्या पोटात तयार व्हायला दहाएक दिवस तरी लागतात, म्हणजे मादी किती दिवस जगते हे महत्त्वाचं, म्हणजे ती मारा! डीडीटी फवारलेल्या खोलीतून डास न मरताच बाहेर पळतात हे १९४०च्या दशकातच दिसलं होतं, पण ती औषधाची खोट समजली गेली.

खरं तर मॅकडोनाल्ड यांच्याच गणितात दुसरी बाजूही होती. अंडी घालायला मादीला रक्त लागतं, उकाड्यात साधारण दोन-तीन दिवसांचं चक्र असतं, रक्त प्यायचं, पचवायचं, पाण्यात अंडी सोडायची, परत माणूस शोधायचा. पळवलेल्या मादीला रक्त मिळायला उशीर झाला तर पुढचं सगळंच लांबतं, आणि डासाचं आयुष्य मुळात किती, त्यातले दोन दिवस फुकट गेले तर अंड्यांची एखादी खेप बुडलीच. मग ट्रान्सफ्लुथ्रिन हे ॲलेथ्रिनच्याच कुळातलं रसायन आलं, जे न तापवताही हवेत उडतं, वीज नको की धूर नको, नुसती शीट भिंतीला टांगायची. २०१४ मध्ये टांझानियातल्या कामात दिसलं की वाफ लागलेली मादी नंतरही काही तास नीट चावत नाही, आणि २०१८ च्या सुमारास फ्लोरिडात न मारणाऱ्या डोसने एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, अंड्यांवर काय होतं हेही तपासलं गेलं.

पण प्रयोगशाळेतली मादी वेगळी आणि गल्लीतली वेगळी. पेरू देशातल्या इकितोस शहरातली ट्रायल २०२२ मध्ये छापून आली, तिथे शीट लावलेल्या घरांच्या भागात एडिसमुळे होणारे संसर्ग ३४.१ टक्क्यांनी कमी, घरातले एडिस २८.६ टक्क्यांनी कमी, रक्त प्यायलेल्यांचं प्रमाण १२.४ टक्क्यांनी कमी. हा शेवटचा आकडा मला जास्त बोलका वाटतो, कारण अंडी त्यावर ठरतात. मात्र घरात डास कमी सापडले म्हणजे गावात कमी झाले असं नाही, ते अंगणात बसलेले असू शकतात! टांझानियातच अंगाला लावायच्या रिपेलंटच्या, म्हणजे डास पळवणाऱ्या औषधाच्या, अभ्यासात न वापरणाऱ्या शेजाऱ्यांकडे डास जास्त सापडले होते, म्हणजे जुना आक्षेप अगदीच खोटा नाही. त्यामुळे पैदास आटोक्यात येते असं कोणी छातीठोक सांगत असेल तर थोडं थांबा, टाकीतलं न् कुंडीतलं पाणी ओतून जे होतं ते शीटने होत नाही.

पुढे केनियाच्या ट्रायलमध्येही मलेरियाचे संसर्ग जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या शीटना हिरवा कंदील दिला, तोही अटींसह: मलेरियाच्या भागात, घरात, आणि मच्छरदाणी किंवा फवारणीच्या जोडीला.